मदरबोर्ड खरोखर गेला होता का?

मागच्या अंकात शिलाई मशीनच्या बॉबिनविषयी लिहिले, त्यावर बरीच पत्रे आली. त्यातल्या एका भगिनीने बॉबिनचा विषय दोन ओळींत आटोपला आणि पुढची दोन पाने मुलाच्या बंद पडलेल्या लॅपटॉपवर लिहिली. काल रात्री चालू होता, सकाळी उघडला तर दिवासुद्धा लागेना. दुकानदाराने पाहिले आणि सांगितले, "मदरबोर्ड गेला." बदलायचा खर्च एवढा की त्यात दुसरा जुना लॅपटॉप यावा. तिचा प्रश्न साधा आहे: सगळा बोर्ड खरोखर असा एका रात्रीत जातो का?

पत्र वाचून आम्हाला आधी हसू आले आणि मग थोडे ओशाळल्यासारखे झाले. हुबेहूब हीच गोष्ट गेल्या वर्षी आमच्याच घरात घडली आहे. या सदरात ती कधीच यायला हवी होती. आम्ही ती टाळत आलो. का, ते पुढे येईलच.

आमच्या थोरल्या मुलीची बारावीची परीक्षा संपली होती आणि सीईटीला दीड महिना उरला होता. तिचा लॅपटॉप जुनाच घेतलेला. त्यातच तिची टिपणे, त्यातच सराव परीक्षा. एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अब्बू, चार्जरचा दिवा विझतोय." आम्ही जाऊन पाहिले. चार्जर नुसता भिंतीला लावला की त्याच्यावरचा हिरवा दिवा लागे. पिन लॅपटॉपमध्ये घातली की दिवा विझे. पिन काढून, चार्जर भिंतीतून काढून पुन्हा लावला की परत लागे. आम्ही चार्जरलाच दोष दिला आणि शेजाऱ्यांचा आणला. त्याचेही तेच झाले.

शहरातल्या एका दुकानात नेला. दहा मिनिटांत निकाल मिळाला: मदरबोर्ड बदलावा लागेल, अकरा हजार पाचशे. घरी येऊन हिशेब मांडला. मुलांची अम्मी म्हणाली, "माझी भिशी पुढच्या महिन्यात लागेल, तोवर कोणाकडून उसने घ्या." मुलगी काहीच बोलली नाही. वह्या घेऊन मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ लागली, आणि तिचे ते न बोलणे आम्हाला जास्त लागले.

चौथ्या दिवशी मुलांच्या अम्मीनेच विषय काढला. "स्टँडसमोर तो मोबाईल दुरुस्त करतो ना, तुमचाच शागिर्द आहे. लोक त्याच्याकडे लॅपटॉपही नेतात. त्याला का नाही दाखवत?"

का नाही दाखवत, हे आम्हाला ठाऊक होते. हा मुलगा आठवीत आणि नववीत आमच्या वर्गात होता. इमला लिहायला दिला की निम्म्या शब्दांचे नुक्ते गायब. मराठीत काना-मात्रांचे तेच. एका तासाला आम्ही फळ्यावर लिहीत होतो आणि हा शेवटच्या बाकावर कोणाचा तरी कॅल्क्युलेटर उघडून बसला होता. हातात पेन्सिलीएवढा स्क्रू-ड्रायव्हर. आम्ही तो काढून घेतला, त्याच्या वडिलांना बोलावले आणि मुलाच्या देखत म्हणालो, "याच्या हातून काही व्हायचे नाही." दहावीत तो दोन विषयांत राहिला आणि शाळेतून गेला. स्टँडसमोर त्याची टपरी झाली तेव्हापासून आम्ही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालतो. हे मुलांच्या अम्मीला माहीत नव्हते.

तरी गेलो. मुलीसाठी गेलो असे म्हणू.

त्याने आम्हाला पाहिले, स्टूल पुसून पुढे सरकवले. "सर, बसा." लॅपटॉप घेतला, चार्जर लावला, दिवा विझलेला पाहिला. मग चार्जरची पिन मल्टिमीटरला लावून बघितली: एकोणीस व्होल्टच्या किंचित वर. "चार्जर ठीक आहे सर. बोर्डवर कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणून चार्जर स्वतःला वाचवतोय. रविवारी या, गर्दी नसते. समोर बसून बघा." आमच्या तोंडावर काय लिहिले होते कोण जाणे, तो पुढे म्हणाला, "मदरबोर्ड म्हणजे शहर आहे सर. एका गल्लीत आग लागली तर सगळे शहर पाडत नाहीत."

रविवारी आम्ही वही घेऊन गेलो. जुनी सवय.

त्याने मागचे झाकण उघडून सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवली. हे आम्ही वहीत पहिल्या ओळीत लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. चार्जर काढला तरी बॅटरीतून बोर्डाला वीज मिळत असते, आणि तशा बोर्डावर चिमटा घसरला तर एका दोषाचे चार होतात. मग बोर्ड बाहेर काढून दिव्याखाली ठेवला. आम्ही भिंगातून पाहिले. हिरव्या जमिनीवर शेकडो ठिपके: काळे, तपकिरी, राखाडी. काही तांदळाच्या कणीएवढे, काही तिळाहून लहान. पूर्वीच्या रेडिओत प्रत्येक भागाला तारेचे पाय असत आणि ते पाय बोर्डाच्या भोकांतून मागे काढून डाग दिलेला असे. या ठिपक्यांना पायच नाहीत. ते बोर्डाच्या पृष्ठभागावर दोन चकचकीत टेकांवर बसवून जागच्या जागी डाग दिलेले असतात. म्हणून यांना एसएमडी म्हणतात, आणि मोबाईलवाले ज्या गरम हवेच्या यंत्राने ते काढतात त्यालाही 'एसएमडी मशीन' हेच नाव पडले आहे. टेकांना ते 'पॅड' म्हणतात.

आम्ही विचारले, "यातला बिघडलेला ओळखायचा कसा? सगळे सारखेच दिसतात."

"सर, नावे लिहिलेली आहेत."

खरोखरच लिहिलेली होती, बारीक पांढऱ्या अक्षरांत. प्रत्येक ठिपक्याजवळ एक रोमन अक्षर आणि एक आकडा. आर म्हणजे रेझिस्टर, सी म्हणजे कपॅसिटर, एल म्हणजे कॉइल, डी म्हणजे डायोड, क्यू म्हणजे ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट, यू म्हणजे आयसी. आकडा हा त्याचा हजेरी क्रमांक. त्याची किंमत नव्हे, फक्त क्रमांक. रेझिस्टर बिचारे आपली किंमत पाठीवर घेऊन बसतात. १०३ लिहिले असेल तर १० पुढे तीन शून्ये, म्हणजे दहा हजार ओहम. ४७२ म्हणजे ४७ पुढे दोन शून्ये, चार हजार सातशे. मध्ये आर आला तर तो दशांश चिन्हाच्या जागी: ४आर७ म्हणजे ४.७ ओहम. नुसते शून्य असेल तर तो रेझिस्टर नव्हेच, तो दोन वाटा जोडणारा पूल. काहींवर दोन आकडे आणि एक अक्षर असते, ०१सी असे काही. त्याचे वेगळे कोष्टक आहे, आणि त्या कोष्टकात ०१सी म्हणजेही दहा हजार ओहमच. हे सगळे तो मुलगा न अडखळता सांगत होता. बे, पे आणि ते यांत नुक्त्यांचाच फरक असतो हे आम्ही त्याला दोन वर्षे शिकवू शकलो नव्हतो. इथे मात्र त्याला शून्य आणि ओ यांतला फरक भिंगाविना कळत होता.

अडचण कपॅसिटरची. तपकिरी रंगाच्या सिरॅमिक कपॅसिटरवर काहीही लिहिलेले नसते. आणि लॅपटॉपच्या बोर्डावर सगळ्यांत जास्त गर्दी त्यांचीच.

आता त्याने शोध कसा घेतला ते जरा सावकाश सांगतो, कारण भगिनीच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याने आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. ०.२ दिसले. हा मीटरच्या तारांचाच विरोध, तो नंतर वजा करायचा. मग काळी पिन बोर्डाच्या जमिनीला, म्हणजे स्क्रूच्या भोकाभोवतीच्या चकचकीत कड्याला, आणि लाल पिन चार्जरची वीज जिथून आत येते त्या वाटेला. ०.६ दिसले. तारांचे ०.२ वजा केले तर ०.४ ओहम. चांगल्या बोर्डावर इथे हजारो ओहम दिसायला हवेत. ०.४ म्हणजे जवळजवळ सरळ तारच जोडलेली. चार्जरमधून आलेली वीज लॅपटॉपकडे न जाता तिथल्या तिथे जमिनीत जात होती.

चार्जरच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर एक मॉसफेट असतो, तो दरवानाचे काम करतो. सगळे ठीक असेल तरच वीज आत सोडतो. त्याने दरवानाच्या आतल्या बाजूला मीटर लावला. तिथे शॉर्ट नव्हता. म्हणजे सगळे घर सुखरूप, बिघाड फक्त ओसरीवर. ओसरीवर होते पाच कपॅसिटर आणि एक डायोड. शेकडो ठिपक्यांतून आम्ही दोन मिनिटांत सहांवर आलो होतो, आणि अजून काहीही जाळले, कापले किंवा उपटले नव्हते.

पण हे सहाही एकाच वाटेला आणि एकाच जमिनीला जोडलेले. त्यांतला कोणताही एक शॉर्ट असला तरी सहाही जणांवर मीटर तेच ०.४ दाखवणार. वर्गात एकाने शीळ घातली की सगळी रांग खाली मान घालून बसते, तसेच. आम्ही अशा वेळी सगळ्या रांगेला उभे करतो. त्याने तसे केले नाही.

त्याने टेबलावरचा डीसी सप्लाय फक्त एक व्होल्टवर ठेवला. ही वाट एकोणीस व्होल्टची आहे. एक व्होल्टने तिथल्या कोणाचेच काही बिघडणार नाही. वीज सोडली तर दोन अँपियरच्या आसपास प्रवाह वाहू लागला, सगळा त्या एका चोरवाटेने. ०.४ ओहममधून दोन अँपियर म्हणजे दीड वॅटहून थोडी जास्त उष्णता. स्वयंपाकघरात ती काहीच नाही. तिळाएवढ्या जागेत ती फार आहे. मग त्याने ड्रॉपरने त्या सहाही ठिपक्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडले. सगळे चमकले. आम्ही दोघे भिंगावर डोके टेकवून पाहत होतो. पाच-सहा सेकंदांत एका कपॅसिटरवरचे पाणी उकळल्यासारखे थरथरले आणि तेवढाच ठिपका कोरडा पडला. बाकीचे अजून ओले.

"हा," तो म्हणाला. तो कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकापासून अर्ध्या बोटावर बसला होता.

भिंग आणखी जवळ नेल्यावर त्याच्या एका टोकाशी तिरपी, केसाएवढी भेग दिसली. त्याने विचारले, "लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलतात का घरात?" आमच्या डोळ्यांसमोर पलंगावरून एका हाताने उचललेला लॅपटॉप आला, आणि डब्याबरोबर दाबून भरलेले दप्तरही. सिरॅमिक कपॅसिटर म्हणजे मातीच्या आणि धातूच्या अतिशय पातळ थरांची चळत असते, भाजून घट्ट केलेली. बोर्ड थोडा वाकतो, ती वाकत नाही. मग टोकाशी भेग पडते. त्या दिवशी काहीच होत नाही. भेगेतून ओल शिरते, धातूचे थर एकमेकांना भेटतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एका सकाळी चार्जरचा दिवा विझतो. असे कपॅसिटर जाण्याची जी मोठी कारणे आहेत त्यांत बोर्डाचे वाकणे हे एक. लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलावा, हा या लेखातला सगळ्यांत स्वस्त सल्ला.

एक गोष्ट इथे नमूद करतो. कधी कधी बोर्डावर काळा ठिक्कर जळालेला रेझिस्टर दिसतो आणि माणूस तोच बदलून मोकळा होतो. नवा रेझिस्टरही जळतो. कारण तो बहुधा गुन्हेगार नसून बळी असतो. पुढे कोणीतरी शॉर्ट झालेला असतो आणि त्याच्यासाठी गेलेली वीज या बिचाऱ्यातून जाते. डोळ्यांना जो जळालेला दिसतो त्याच्यावरून मीटरने पुढची वाट तपासल्याशिवाय निकाल देऊ नये. आम्ही शाळेत असे निकाल पुष्कळ दिले आहेत.

काढण्याचे काम नाजूक. त्याने आजूबाजूच्या भागांवर उष्णता सोसणारी पिवळी चिकटपट्टी लावली, कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना फ्लक्स लावले, ज्याला दुकानात सगळे 'पेस्ट' म्हणतात, आणि गरम हवा सोडली. आधी लांबून, गोल फिरवत, सगळा भाग तापेपर्यंत. मग जवळून. बोर्डाच्या पोटात तांब्याचे मोठे पत्रे असतात, ते उष्णता पिऊन टाकतात, म्हणून घाई करून चालत नाही. शिवाय आताच्या बोर्डांवरचे सोल्डर शिशाविना असते. युरोपने २००६ च्या जुलैपासून अशा वस्तूंतल्या शिशावर बंधन घातले आणि जगभरचे कारखाने बहुतांशी तिकडे वळले. जुने शिसेवाले सोल्डर १८३ अंशांना वितळते, नवे २१७ च्या पुढे. म्हणून कपॅसिटर ओढायचा नाही. चिमट्याने हळूच टोचून पाहायचे. तो पाण्यावरच्या पानासारखा हलला की उचलायचा. त्याआधी ओढला तर त्याच्याबरोबर खालचा पॅड उपटून येतो, आणि मग मात्र दुरुस्ती खरोखर महाग होते.

उचललेला कपॅसिटर त्याने कागदावर ठेवून मोजला. तारा वजा करून तेच ०.४. मग रिकाम्या जागेवर मीटर लावला, आकडा चढत चढत हजारांत गेला. आम्ही म्हणालो, "सापडला!" तो म्हणाला, "आता सिद्ध झाला, सर. सापडला होता मघाशीच."

त्याने बोर्ड तसाच, त्या कपॅसिटरविना, तात्पुरता जोडला. चार्जरचा दिवा टिकला. पडद्यावर अक्षरे आली. आम्हाला वाटले काम झाले. पुष्कळ ठिकाणी इथेच थांबतात, कारण एकाच वाटेवर पाच भाऊ असतील तर चौघांवर काम भागते. पण पाचवा काही उगीच बसवलेला नव्हता. चार्जरची पिन घालताना वीज जो हिसका देते तो सोसायला ते सगळे मिळून असतात. त्याने बॅटरी परत सोडवली आणि नवा शोधायला बसला.

ज्यावर काही लिहिलेले नाही त्याच्या जागी नेमके काय बसवायचे? त्याच्याकडे त्या बोर्डाचा नकाशा होता. त्यात हजेरी क्रमांक पाहिला: दहा मायक्रोफॅरड, पंचवीस व्होल्ट. नकाशा नसेल तर त्याच वाटेवरचा तेवढ्याच आकाराचा सोबती काढून मोजतात, किंवा त्याच मॉडेलचा मेलेला बोर्ड शोधतात. आकारालाही नाव असते. हा ०८०५ होता. ते इंचाच्या शंभराव्या भागांचे माप आहे: आठ आणि पाच. मिलिमीटरमध्ये साधारण दोन बाय सव्वा. व्होल्टचा आकडा मूळ आकड्याइतका किंवा जास्त चालतो, कमी कधीही नाही. एकोणीस व्होल्टच्या वाटेवर सोळा व्होल्टचा बसवणे म्हणजे पुन्हा भेटण्याची तारीख ठरवणे. त्याच्या मागे खोक्यांत मेलेले बोर्ड रचलेले होते, वर मॉडेलची नावे त्याच्याच तिरक्या अक्षरात. त्यातून एक काढला, मोजला, ९.६ भरला. चालेल म्हणाला.

पॅडवरचे जुने सोल्डर त्याने तांब्याच्या जाळीदार पट्टीने टिपून घेतले, नवे थोडेसे लावले, वर पेस्ट. कपॅसिटर चिमट्याने जवळपास ठेवला, किंचित वाकडाच. आम्ही सांगणार होतो की वाकडा आहे. गरम हवा लागली, सोल्डर वितळले आणि तो कपॅसिटर आपोआप सरळ होऊन दोन्ही पॅडच्या बरोबर मध्ये येऊन बसला. वितळलेल्या सोल्डरचा ताणच त्याला ओढून घेतो. आम्ही हे दुसऱ्यांदा करून दाखवायला सांगितले आणि त्याने एका भंगार बोर्डावर करूनही दाखवले. सोल्डरिंग गनने करायचे असेल तर आधी एका बाजूचा पॅड, मग दुसऱ्या बाजूचा, आणि गनचे टोक धातूच्या कडेला लावायचे, मधल्या मातीच्या अंगाला नाही. अचानक तापून तीच भेग पुन्हा पडू शकते.

या कपॅसिटरला उलटसुलट नसते. पण सगळेच असे नसतात, आणि इथे एक फसवणूक आहे ती सांगून ठेवतो. डायोडवरची रेघ वजा बाजू दाखवते, म्हणजे कॅथोड. डब्यासारख्या गोल कपॅसिटरच्या डोक्यावरचा काळा भागही वजाच. पिवळ्या किंवा काळ्या चौकोनी टँटलम कपॅसिटरवरची रेघ मात्र अधिक बाजू दाखवते. तो उलटा बसला तर पेट घेऊ शकतो. काढण्यापूर्वी मोबाईलने फोटो काढून ठेवणे हा यावरचा उपाय. तोही दर वेळी काढतो.

मजुरी किती, विचारले. "सरांकडून काय घ्यायचे." आम्ही सहाशे रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणालो, फुकट शिकायची आम्हाला सवय नाही. ते त्याने घेतले. कपॅसिटरची किंमत विचारली तर हसला. नवा घेतला तर दोन-चार रुपये, पण कोणी एक देत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ गेलात तर पट्टीने मिळतात.

जाता जाता तो म्हणाला, "सर, माझा स्क्रू-ड्रायव्हर अजून तुमच्याकडेच असेल." तक्रार नव्हती त्यात. कोणी छत्री विसरल्याची आठवण करून द्यावी तसे म्हणाला.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीसाठी. बोर्ड कधी कधी खरोखर जातो. पाणी सांडून आतले थर कुजले असतील, मोठा प्रोसेसरच जळाला असेल, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. पण "मदरबोर्ड गेला" हे ऐकले की इतके विचारावे: कोणत्या वाटेवर शॉर्ट आहे, मीटर काय दाखवतो, आणि भाग बदलला तर जुना मला मिळेल का. उत्तर देणारा माणूस मिळाला तर त्याच्याकडे काम द्यावे, दुकान लहान असले तरी. प्रश्न ऐकून चिडला तर उठावे. आणि लॅपटॉप घरी उघडून बसण्याचा मोह झाला तर बॅटरी आधी सोडवा, आणि ती फुगलेली असेल तर झाकण लावून टाका. चार्जर, टीव्ही, एलईडी दिवा यांच्या आतल्या बोर्डावर तर हे काही करू नका. घरातली २३० व्होल्टची वीज तिथे सुमारे सव्वातीनशे व्होल्ट होऊन कपॅसिटरमध्ये साठलेली असते, आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ तिथेच असते. सोल्डरचा धूर खिडकीबाहेर जाईल असे बसावे आणि नंतर हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये.

मुलीची सीईटी झाली. तो लॅपटॉप अजून चालतो, आणि घरात आता दोन्ही हातांनी उचलला जातो.

तो स्क्रू-ड्रायव्हर आम्ही शाळेच्या कपाटात शोधला, घरी शोधला. सापडला नाही. शेवटी एक नवा घेतला आणि पुढच्या रविवारी घेऊन गेलो. जे सांगायचे होते ते वाटेत दोनदा जुळवले होते. तिथे गेल्यावर एवढेच निघाले की त्या दिवशी तुझ्या अब्बूंसमोर आम्ही जे बोललो ते बोलायला नको होते. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक नखावर घासून पाहिले, दिव्याकडे धरले.

"लोखंड मऊ आहे सर. चार स्क्रूत गोल होईल." आणि तो खणात ठेवून दिला. मग मेलेल्या सेट टॉप बॉक्सचा एक बोर्ड आमच्यापुढे सरकवला, चिमटा हातात दिला. "आता यातला सी २७ काढा. घाई नका करू."

आम्ही घाई केली. पॅड उपटला. तेव्हापासून दर रविवारी जातो.